मक्याला दोन उन्हं

फोन आला तेव्हा तो अंगणात सांडलेला मका झाडत होता. मेहुणीचा आवाज अगदी शांत होता.

"भावजी, ताई गेली."

सकाळीच बायकोने शेवटचं पोतं शिवलं होतं. मग पोटात कळ आली म्हणून बहिणीला घेऊन ती दवाखान्यात गेली. दाभण सुतळीच्या गुंड्यात खोचलेलं तसंच होतं.

भेटायला येणारी माणसं कमी झाल्यावर त्याने मका खरेदी केंद्रावर नेला. बाजारात भाव पडला होता. केंद्रावर पास झालेल्या मक्यालाच सरकार हमीभावाचा फरक देणार होतं. बायकोने ते मनावर घेतलं होतं. "दरवर्षी व्यापारी देईल ते घ्यायचं आणि वर त्यालाच चहा पाजायचा! यंदा मका केंद्रावरच जाणार," असं म्हणून तिने दोघांच्या नावाने नोंदणी करून टाकली होती.

तपासणीच्या बाईंनी नमुना काढायची पोकळ सळई, परखी, पोत्यात खुपसली, दाणे यंत्रात ओतले.

"काका, ओल जास्त आहे. वाळवून आणा. पण आठवडाभरात केंद्र बंद होतंय."

त्याला हसू आलं. बाई बघतच राहिल्या. पोती भरण्याआधी तो बायकोला म्हणाला होता, "अजून दोन उन्हं दाखवू." ती म्हणाली होती, "तुम्हाला काय, तव्यावरसुद्धा ओल दिसेल!" आता भांडण तो जिंकला होता, आणि सांगायला कोणी नव्हतं.

फाटकाशी व्यापारी टपलेलाच होता. "दादा, आहे तसा घेतो. वहिनींच्या हातची शिलाई, कशाला उसवता?"

"तिच्या हातची आहे म्हणूनच तुला देत नाही," तो म्हणाला आणि गाडी घराकडे वळवली.

मदतीला मेहुणी आली. तो एकेक टाका दाभणाने सोडवत बसला. टाके घट्ट होते, बायकोच्या हट्टासारखे. अर्धं पोतं उसवेपर्यंत ऊन अंगणभर झालं.

"भावजी, कापा आता. असं गोंजारत बसलात तर केंद्राला कुलूप लागेल."

त्याने विळा घेतला आणि कापत सुटला. मका पसरला, पायांनी चाळवला, दोन दिवस राखण केली. मग स्वतःच शिवायला बसला.

"ही शिलाई आहे की कोंबडी चालून गेली?" मेहुणी म्हणाली. बहीण अगदी असंच बोलली असती.

"मका सांडत नाही ना? मग झालं तर."

केंद्रावर बाईंनी पुन्हा परखी लावली. "पास. पण काका, मागच्या खेपेपेक्षा एक पोतं कमी आहे."

"घरी आहे."

"परवा शेवटचा दिवस. नंतर कोणाचं ऐकणार नाही."

"परवा संध्याकाळी आणतो."

घरी ते पोतं भिंतीला टेकून उभं होतं, त्या सकाळी शिवलेलं. मेहुणी म्हणाली, "हे एक राहू द्या, भावजी. आठवण म्हणून."

"आत ओल आहे. बुरशी धरेल. तिने पिकवलेला मका कुजवून कसली आठवण ठेवायची?"

त्याने विळ्याला धार लावली आणि सकाळी हाताशी यावा म्हणून पोत्याशेजारी ठेवला.

ते पोतं उसवायचं अजून राहिलं आहे.