धूळ पडू नये म्हणून

मित्रांनो, मला हुंगून पाहिलंत तर नारत्तंगायच्या, म्हणजे मोठ्या आंबट लिंबाच्या, लोणच्याचा वास येईल. त्यावर जाऊ नका. मी एक जुनी चिनीमातीची बरणी असले, तरी एक महिना मी शास्त्रज्ञ होते.

१९६३ साली तंजावूरच्या राजवाड्यामागे, सेतुरामांच्या दारासमोर बसथांबा आला. गाड्या इंजिन सुरू ठेवून उभ्या राहत. सेतुरामांची मुलगी अंबुजा गायला बसली की 'सा' गाण्याचा, 'रे' धुराचा आणि 'ग' खोकल्याचा. शेवटी तिनं गाणंच सोडलं.

सेतुरामांची तक्रार ऐकून नगरपालिकेतले रघोजीराव म्हणाले, "खोकल्यानं थांबा हलत नाही. आकडा आणा."

सेतुराम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी मला घासून, उघडं ठेवून कट्ट्यावर बसवलं. महिनाभर आत पडेल ती धूळ-काजळी तोलायची होती. मग ते परीक्षेच्या कामावर पापनाशमला गेले. जाताना आईला, गंगाबाईंना म्हणाले, "अम्मा, बरणीला हात लावायचा नाही हं."

"मी कशाला लावू?"

मला इतकं विचारपूर्वक कुणी कधी रिकामं ठेवलं नव्हतं.

महिन्यानं सेतुराम रघोजीरावांना घेऊनच आले. पाहतात तो माझ्या तोंडावर दादरा! लोणच्याच्या बरणीला बांधतात तसंच फडकं, सुतळीनं करकचून बांधलेलं.

"अम्मा, हे काय?"

"उघडी बरणी रस्त्यावर ठेवून गेलास. आत धूळ गेली असती की!"

"हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"बरणीला कुठं लावला? फडक्याला लावला."

सेतुराम मटकन खाली बसले. रघोजीरावांनी दादरा सोडून आत पाहिलं. "एक कण नाही. हवा उत्तम!" त्यांनी पेन्सिल काढली. मला लाजेनं मरावंसं वाटलं. पण बरणीला फार तर फुटता येतं.

इतक्यात अंबुजानं दादरा उचलला. मधोमध डोशाएवढं काळंभोर वर्तुळ.

"अय्यो!" गंगाबाई म्हणाल्या. "पांढरं धोतर होतं गं. फाडून दोन सारखे तुकडे केले. दुसरा पेटीत आहे, बघ."

सेतुराम ताडकन उठले. रघोजीरावांसमोरच त्यांनी दोन्ही तुकडे नाजूक तराजूत तोलले. काळ्यातून पांढरा वजा केला.

"घ्या आकडा!"

रघोजीरावांनी आकडा पाहिला, मग स्वतःची कॉलर पाहिली, आणि मुकाट्यानं लिहून घेतला.

आठवड्यात थांबा खंदकाजवळच्या मोकळ्या मैदानात गेला. अंबुजा आता वरच्या 'सा'पर्यंत जाते. शेजारच्यांना कधीकधी बसच बरी वाटते.

मित्रांनो, लोणच्याला दादरा बांधता येतो, गावाला नाही. तेव्हा गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा. मी पुन्हा लोणच्यात आहे. पण मला कट्ट्यावर उन्हात ठेवलं की गंगाबाई संध्याकाळी दादरा सोडून उजेडात धरतात आणि आत हाक मारतात, "अंबुजा, पांढरा आहे गं. गा!"