टोमॅटोच्या रोपांविरुद्ध माझी साक्ष

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि माझे काम रंग वाचण्याचे आहे. भाजीपाल्याच्या रोपांत विषाणू लपला असेल, तर तो मी पकडून देते.

कारखान्यात माझ्या पोटात एक दिवा, एक भिंग आणि प्रकाश मोजणारा डोळा बसवला गेला. तिथून मी या प्रयोगशाळेत आले. इथली तपासनीस ताई पाने खलात वाटते आणि त्यांचा रस पारदर्शक ताटलीतल्या खळग्यांत घालते. मग ती त्यावर औषधे टाकते. विषाणू असला, तर खळगा पिवळा होतो. किती पिवळा, ते मी सांगते. निरोगी आणि रोगट अशा ओळखीच्या पानांचा रसही ती दरवेळी सोबत ठेवते. मी थापा मारल्या, तर लगेच पकडले जावे म्हणून!

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पुढे नवे चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांशेजारी झाली. एकदा ते नवे यंत्र बिघडले. ताईने मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवले. त्याच दिवशी तिच्या थोरल्या भावाच्या रोपवाटिकेतली टोमॅटोची पाने आली. रोपे दिसायला हिरवीगार होती, पण खळगे पिवळे झाले. ताईने नव्याने रस काढला. मी पुन्हा तेच सांगितले. ताईने भावाला प्रयोगशाळेत बोलावून घेतले.

"दादा, ही रोपं कुणाला देऊ नकोस. जाळावी लागतील."

"जाळू? अगं, पानावर एक ठिपका तरी दाखव! हे म्हातारं यंत्र बरळतंय आणि तू त्याचं ऐकतेस?"

"ठिपके मागाहून येतील. तोवर रोग हातांना, कात्र्यांना लागून लोकांच्या शेतात पोचलेला असेल."

"याच रोपांवर तुझं शिक्षण झालं. विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर तोंडावर सांगतेय."

दादाने माझ्या झाकणावर हात आपटला. झाकणाला तडा गेला. मला संताप आला. आपट आणखी, मी मनात म्हटले, आकडा बदलणार नाही!

ठिपके येतच नाहीत हे दाखवून बहिणीला खोटे पाडायचे म्हणून दादाने रोपे विकली नाहीत, तशीच कुलपात ठेवली. काही दिवसांनी पाने आकसली, त्यांवर फिकट चट्टे उमटले. दादा दारात येऊन उभा राहिला.

"चल," एवढेच तो म्हणाला.

दोघांनी मिळून सगळी रोपे जाळली, वाफे आणि कात्र्या धुतल्या. परतल्यावर ताईचे डोळे लाल होते. धुराने की रडण्याने, ते मला वाचता आले नाही.

आता दादा रोपे विकण्याआधी स्वतः पाने घेऊन येतो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका. दिवा मंदावला, तर बदला. शंका आली, तर खुशाल पुन्हा तपासा. पण उत्तर आवडले नाही म्हणून मला गप्प करायला येऊ नका. मी गप्प बसणार नाही.