आधी आपलं नाव सांगा

“वळखलं का मले?” खाटेवर टेकत नेमसिंगनं विचारलं.

उकंडा कसनुसा हसला, उठला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या बायकोला, प्रभावतीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमसिंग काही परका नव्हता. नेरच्या कापूस बाजारात त्यानं आणि उकंडानं मापारी म्हणून काट्यावर कापूस तोलत जन्म काढला होता.

वर्षभर हेच चाललं होतं. उकंडाचं पारावर जाणं थांबलं, मग विहारात, मग अंगणातही. ते दिवसच वाईट होते. कापसाच्या गावात माणूस गप्प झाला की तो जिवाचं काही बरंवाईट करेल, अशी सगळ्यांना धास्ती वाटायची. मुलानं, राजदीपनं, घरातलं ढेकणाचं औषधसुद्धा शेजारी नेऊन ठेवलं. उकंडाला एकटं सोडायचं नाही, असं गावानं ठरवलं. रोज संध्याकाळी घोळका यायचा आणि प्रेमाचीच माणसं ती, प्रत्येकाला ‘वळखलं का?’ हाच लाडका प्रश्न विचारायचा असायचा. प्रभावती मात्र मनात कुढायची. नवऱ्याचा आपल्यावरच राग आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं.

शेवटी राजदीपनं दोघांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. आजार मनाचा असो की विसरण्याचा, माणूस माणसांना का टाळू लागतो, त्याची काही खूण रक्तात किंवा मेंदूत सापडते का, हे तिथली एक तरुण डॉक्टरीण शोधत होती. तिनं उकंडाचं रक्त घेतलं, तेव्हा प्रभावतीनं धीर केला.

“बाई, माह्यावरचा राग दिसन का त्याच्यात?”

डॉक्टरीण हातातलं काम सोडून तिच्याजवळ बसली. “राग नाही हो, मावशी. रक्तात काय सापडेल ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. पण बाकीच्या तपासण्यांत दिसतंय, यांची आठवण पुसट होत चालली आहे. समोरच्याचं नाव सुचत नाही, मग लाज वाटते, म्हणून उठून जातात.”

“म्हंजे आमी रोज त्याहिची परीक्षाच घेऊन राह्यलो होतो?”

प्रभावतीला रडू कोसळलं. राग नव्हता, याचं सुखही त्या रडण्यात होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दारातच उभी राहू लागली. “येकायेकानं या. आन् आदी आपलं नाव सांगा. त्याहिले कायले इचारता?”

“जयभीम, उकंडा. मी नेमसिंग, काट्यावरचा,” नेमसिंग म्हणाला. उकंडा उठला नाही. नेमसिंगच्या बाहीला चिकटलेला कापूस त्यानं हलक्या हातानं वेचून काढला. त्या दिवशी प्रभावतीनं हौसेनं चहात जास्तीचं आलं घातलं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ती चहा घेऊन आत गेली. उकंडानं वर पाहिलं, कसनुसा हसला आणि भिंतीला हात लावून उठू लागला.

प्रभावतीनं कप खाली ठेवला.

“जयभीम,” ती म्हणाली. “मी प्रभावती.”

उकंडा पुन्हा खाली बसला. सरकून त्यानं सतरंजीवर जागा केली.

“बसा ना, बाई.”

ती पदर सावरून बसली.