पहिला नंबर कोणाचा

भिंगरीच्या आईची चाचणी दुपारी होती. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. कर्णबधिर रुग्णांचं म्हणणं व्हिडिओवरून डॉक्टरांना सांगायचं काम तिला मिळू घातलं होतं. पण पडद्यावर हात गोठला की अख्खं वाक्यच जातं, आणि घरचं इंटरनेट सकाळपासून रडतखडत चाललं होतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांनी ते सुरळीत करायचं काम नातीवर सोपवलं. राउटरमध्ये कोणाला आधी वाट द्यायची ते कसं ठरवतात, एवढं भिंगरीला दाखवून त्यांनी खुर्ची मागे घेतली.

भिंगरीने घरभर विचारलं. बाबांना ऑफिसच्या जड फायली पाठवायच्या होत्या, काकाला सामना बघायचा होता, तिचा स्वतःचा खेळ होताच. नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून तिने सगळ्यांनाच पहिला नंबर देऊन टाकला. आजोबांनी ते पाहिलं, पण टोकलं नाही.

रंगीत तालमीत पडद्यावर आईचा हात हवेतच अडकला. काका म्हणाला, "वहिनी, पुतळा झकास झालाय." आई हसली नाही.

भिंगरीचा चेहरा उतरला. आईला पहिला नंबर दिला होता, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली.

"सगळेच पहिले, मग रांग राहिली कुठे?" आजोबा म्हणाले. "कोण मोठं, कोण लाडकं, ते सोड. थांबल्याने कोणाचं बिघडतं, तेवढं बघ."

भिंगरी विचार करत बसली. फायली उशिरा पोचल्या तरी पोचतील. सामना थोडा मागून दिसला तरी काकाला पत्ता लागणार नाही. आईचा हात मात्र त्याच क्षणी दिसायला हवा. स्वतःच्या खेळापाशी ती अडली. त्यालाही थांबून चालत नाही. पण तो वाट किती अडवतो, हे आजोबांनी आकड्यांत दाखवलं तेव्हा कळलं की अगदी चिमूटभर. मग आई पहिली, खेळ दुसरा, काका तिसरा आणि उरेल ती सगळी वाट फायलींना.

"घरचा कर्ता, आणि शेपटाला?" बाबा कुरकुरले.

"तुझ्या फायलींना कुठे बस गाठायचीय?" आजोबा म्हणाले.

दुपारी आजोबांनी कोणालाच काही बंद करू दिलं नाही. सामना चालू, फायली चालू. पडद्यावर चाचणीपुरत्या रुग्ण झालेल्या आजीबाईंचे हात भराभर फिरत होते आणि आई न अडखळता त्यांची दुखणी डॉक्टरांना सांगत होती. डॉक्टर काहीतरी म्हणाले, आईने ते हातांनी सांगितलं आणि आजीबाई खुदकन हसल्या.

परीक्षकांनी विचारलं, "आता खरा रुग्ण पाठवू का?"

"पाठवा," आई म्हणाली.