वारा चुकीचा आहे

गुल्वेनची होडी कधी नव्हे इतकी नीटनेटकी होती आणि मायवेनला त्याचंच नवल वाटत होतं. तिचं सगळं लहानपण या होडीवर गेलं होतं. तेव्हा चमचा शोधायचा तर आधी नकाशे उचलावे लागत, आणि नकाशा शोधायचा तर ओले मोजे. आता प्रत्येक पेल्याला आपली खोबण होती, सुरीची मूठ कायम दाराकडे. गुल्वेन, तिचा बाप, गेल्यावर त्याच्या वस्तू आवरायला ती ब्रेस्टहून इतक्या लांब आली होती, आणि आवरण्यासारखं काही नव्हतंच.

दोरांचंही तसंच. शिडांचे दोर रंगावरून ओळखायचे, लाल मोठ्या शिडाचा, हिरवा पुढच्याचा, हे त्यानेच तिला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. आता सगळे दोर पांढरे होते आणि त्यांच्या टोकांना गाठी होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. नांगराची साखळी किती बाहेर गेली ते कळावं म्हणून तिच्यावर रंगाचे पट्टे असतात. ते झिजून गेले होते आणि त्या जागी कड्यांना सुतळ्या बांधल्या होत्या. म्हातारपणी त्याला रंगाचा कंटाळा आला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

पण तिला उत्तर हवं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन वर्षांपूर्वी ती पापीतेला, इकडच्या मोठ्या बंदरात, आली होती, त्याला भेटायला. आठवडाभर धक्क्यावरच्या खोलीत थांबली. तो इथे, या कंकणासारख्या बेटाच्या आतल्या पाण्यात होता. शिडं उभारली तर दोन-तीन दिवसांची वाट. फोनवर तो म्हणाला, ‘वारा चुकीचा आहे.’ दुसऱ्या दिवशीही तेच. परत गेल्यावर तिने त्या आठवड्याचे वारे काढून पाहिले. रोज आग्नेयेचा, एकसारखा, पापीतेला जाणाऱ्याने मागून घ्यावा असा. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाने वाऱ्याबद्दल खोटं बोलावं, हे तिला त्याच्या न येण्याहून जास्त लागलं होतं. तिने विचारलं नाही. मग या वर्षी त्याला छातीत कळ आली, विमानाने पापीतेला नेलं, आणि ती पोचायच्या आत तो गेला.

आता होडी पापीतेला न्यायची होती. सकाळी तेउराहेई स्वतःच्या छोट्या होडीतून आली आणि ती तिने गुल्वेनच्या होडीमागे बांधली. शेजारच्या बेटावर ती खोबरं वाळवायची आणि गुल्वेनच्या पश्चात त्याच्या होडीतलं पाणी उपसायची. तिने भाजलेला नीरफणस आणि नारळाच्या दुधातला मासा खाली ठेवला, कंबरेला गुंडाळलेला परेओ खोचला आणि न विचारता होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन बसली.

मायवेन म्हणाली की खडकांमधून मोकळ्या समुद्रात उघडणाऱ्या खिंडीपर्यंतची वाट तिला ठाऊक आहे.

“असेल की. तू सुकाणू धर, पोरी. ही जागा माझी आहे.”

“कधीपासून, मामी?” मायवेनने विचारलं. इथे वयाने मोठ्या बाईला मामीच म्हणतात.

“माझा पार्श्वभाग इथे मावायचा तेव्हापासून,” तेउराहेई म्हणाली. “आता मावत नाही, पण सवय.”

नांगर वर आला. ऊन पाठीमागे आणि चांगलं वर होतं, म्हणजे पाण्याखालचे पोवळ्यांचे खडक पिवळे-तपकिरी दिसायला हवे. इथे सगळ्यांची रीत एकच: पुढच्याने हात पसरायचा, मागच्याने त्या बाजूला वळवायचं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. पण तेउराहेई हात मांडीवर ठेवून ओरडत होती. डावीकडे. अजून. पुरे. आता सरळ, समोर काळं पाणी, खोल आहे.

तिचा घसा बसायची वेळ आली तेव्हा मायवेनने इंजिन मंद केलं.

“मामी, नुसता हात दाखव ना. मला दिसतोय.”

तेउराहेई मग पूर्ण वळून तिच्याकडे पाहत राहिली.

“हो,” ती म्हणाली. “तुला दिसतो.”

 दोरांच्या गाठी, सुरीची मूठ, सगळं एकदम मायवेनजवळ येऊन उभं राहिलं. बापाला किती दिसत होतं, तिने विचारलं. सुरुवातीला कडेकडेचं, तेउराहेई म्हणाली, मग तेही नाही. कुणाला माहीत होतं? मला आणि माशांना. डॉक्टरला कळलं असतं तर त्याला जिने असलेल्या घरात नेऊन ठेवलं असतं, असं म्हणायचा.

“आणि मी आले होते तेव्हा?”

“निघाला होता की. दाढी केली, गाल कापून घेतला. मला इथे बसवलं. खिंडीपर्यंत आणलं मी त्याला.”

खिंड आता समोरच होती. दोन्ही बाजूंना फेसाळ खडक, मधे गुळगुळीत पाणी. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ उभं राहतं. जायचं ते तेवढ्यातच.

“पाणी असंच उभं होतं,” तेउराहेई म्हणाली. “मी म्हटलं, चल. त्याने इंजिन बंद केलं. पलीकडे मी नसणार ना. मी येते म्हटलं, तर म्हणे तुला मोठ्या समुद्रात उलट्या होतात, तुला सांभाळू की जहाजं? एक जहाज समोर आलं असतं तरी कळलं नसतं त्याला.”

“मग?”

“मग मला विचारलं, बाहेर पाणी कसं दिसतंय. निळं, मी म्हटलं. कसलं निळं, म्हणे. सांगत बसले. तो तुझ्याबद्दल बोलत बसला. बरंच बोलला.” तिने खिंडीकडे मान वळवली. “ते नंतर. आता जा, पाणी हलायला लागेल.”

मायवेनने इंजिन बंद केलं. होडी जागच्या जागी डुलू लागली.

“अगं, वेळ जाईल,” तेउराहेई म्हणाली. “ओहोटी सुरू झाली की खिंडीत लाटा उभ्या राहतात. मग संध्याकाळपर्यंत इथेच.”

“काय बोलला?”

तेउराहेईने खिंडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मधल्या गुळगुळीत पाण्यावर बारीक सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. ती पुढच्या टोकावरून उठली, कठड्याला धरत मागे आली आणि मायवेनच्या शेजारी बसली.

“आधी तुला शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “इतक्या लांबून कशाला आली म्हणून.”