दहशत : पडताळणी बाकी

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक हटवादी नियम आहे. कार्डावर शब्दाचं उदाहरण लिहिलं, की ते खरोखर पाहिल्याची दुसऱ्या कुणीतरी सही करायची. सही नसली, तर कार्ड अडकलेल्या खणात. तो खण निस्तरायला मला बसवलंय.

बाबाही इथेच होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरी ते तोंडापेक्षा हातानेच जास्त बोलत. पट्टा, फूटपट्टी, जे सापडेल ते. आपण काय करतोय हे या माणसाला कधी कळलं तरी का, एवढंच मला विचारायचं होतं. ते होते तोवर छाती झाली नाही.

काल 'द'चा गठ्ठा उपसताना त्यांचं अक्षर दिसलं.

'दहशत. मूळ अरबी. तिथे अर्थ थक्क होणे, भांबावणे. फारसीवाटे आपल्याकडे येईतो जबर भीती.' खाली उदाहरण : 'बापाची किल्ली दारात फिरली, की पोरीला दहशत बसते. हातातला घास ती तसाच धरून राहते.'

तारीख पाहिली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

शेजारच्या टेबलावरच्या मावशी बाबांच्या वेळेपासूनच्या. त्यांना विचारलं, "हे का अडकलं?"

"सही कोण करणार त्यावर? मी म्हटलं तुझ्या बाबांना, वाक्य बदला, लगेच पुढे सरकेल. तर म्हणाले, खरं आहे ते, बदलणार नाही."

"मग घरी का नाही बोलले?"

"ते मी काय सांगू, पोरी?"

त्याच सुमाराला बाबांनी किल्ली न्यायचं सोडलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. बेल वाजवून बाहेर थांबायचे. आम्ही म्हणायचो, आता किल्ली फिरवायचेही कष्ट नकोत स्वारीला. पुढे हातही उगारला नाही त्यांनी. पण मी बेलला घाबरायला लागले, आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नाही.

कोशाला सांगितलंत, बाबा, मला नाही. इतका संताप आला की कार्ड टराटरा फाडावंसं वाटलं. मग रडूच फुटलं. मावशींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

कार्डाच्या तळाशी रकाना रिकामा होता : 'प्रत्यक्ष कोणी पाहिले?'

मी लिहिलं, 'पोरीने.' आणि सही केली.