रानालगतचं घर

शुभा कदमला साताऱ्याला परत जायचं होतं, आणि हे तिच्या नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. श्रीरंग वोल्फ्सबुर्गला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. चारपाच वर्षं काढू आणि परत जाऊ, असं म्हणून दोघं जर्मनीत आली होती. मग ईश्वरी झाली, तिची शाळा सुरू झाली, आणि एर्लेनबोस्टेल नावाच्या खेड्यात, पाइनच्या जंगलाला चिकटून असलेल्या गल्लीत त्यांनी घर घेतलं. परत जायचं तेवढं राहून गेलं.

श्रीरंग रिटायर झाला तेव्हा विषय त्यानेच काढला. "चल, आता तुझं ऐकतो."

साताऱ्यात शुभाची धाकटी बहीण कौमुदी होती. तिच्याच इमारतीत वरचा फ्लॅट विकायला निघाला होता. "गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो गं, अख्खा," कौमुदी फोनवर सांगायची. पण शुभाला डोंगराइतकीच ओढ होती ती हाकेची. एर्लेनबोस्टेलमध्ये सगळी माणसं चांगली होती, पण तिला 'शूबा' म्हणत. जिन्यातून कुणीतरी "शुभे, चहा टाकलाय, ये खाली" म्हणून ओरडावं, आणि आपण केस तसेच गुंडाळून चपला सरकवून उतरावं, एवढंच तिला हवं होतं. भांडी घासताना, बस थांब्यावर उभी असताना, कधीही ती हाक तिच्या कानात यायची.

घराला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. तरुण जोडपं होतं, बायकोला दिवस गेलेले. पोटावर हात ठेवून ती मागच्या खोलीत उभी राहिली आणि जंगलाकडे बघून हसली, तेव्हाच शुभाने मनोमन घर तिला देऊन टाकलं.

त्याच जुलैत जंगल पेटलं. आठवडेच्या आठवडे पाऊस नव्हता, पायाखालच्या पाइनच्या सुया पापडासारख्या मोडत होत्या. दुपारी सायरन वाजला आणि अख्ख्या गल्लीला शेजारच्या गावातल्या क्रीडागृहात हलवलं. शुभाने पासपोर्ट, औषधं आणि आईचा फोटो घेतला. परत सोडलं तेव्हा घर जसंच्या तसं उभं होतं. आग मागच्या शेतवाटेपर्यंत येऊन थांबली होती. दोरीवर राहिलेल्या पांढऱ्या चादरी तेवढ्या काळ्या झाल्या होत्या.

घर वाचलं, पण व्यवहार मोडला. जोडप्याला कर्ज देणाऱ्या बँकेला आधी घराचा विमा हवा होता, आणि विमा कंपन्या आता रानालगतच्या घरांना जवळ करेनात. एकीने हप्ता भलताच वाढवून सांगितला, दुसरीने सरळ नाही म्हटलं. तरुण मुलगी फोनवर रडवेली झाली होती. "फ्राउ कदम, आम्हाला फार आवडलं होतं हो." घर विकून देणारा माक्लर म्हणाला, किंमत एवढी उतरवा की गिऱ्हाईक बँकेशिवाय घेईल. तेवढ्या पैशात साताऱ्याचा फ्लॅट येणार नव्हता.

शुभाने कौमुदीला कळवलं, "थोडं लांबलंय." "फ्लॅटवाल्याला थांबवून ठेवते मी," कौमुदी म्हणाली. तेवढ्यानेच शुभाला भडभडून आलं.

ईश्वरी स्टुटगार्टला नोकरी करायची. ती मात्र सुटकेचा श्वास टाकून जर्मनमध्ये म्हणाली, "बरं झालं, ममा. तुम्ही गेलात तर मी नाताळला घरी म्हणजे कुठे जाऊ?" शुभाने मराठीत विचारलं, "आणि मी इतकी वर्षं कुठे गेले गं दिवाळीला?"

हिवाळ्याच्या तोंडाशी हायकं बेरेन्सने सभा बोलावली. हायकं गावच्या फॉयरवेअरची, म्हणजे आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची प्रमुख. तिने सांगितलं की 'वणव्यापासून सुरक्षित गाव' असा दाखला आता मिळू शकतो, आणि दाखला असलेल्या गावातल्या घरांना विमा कंपन्या पुन्हा नेहमीच्या दराने घेतात. पण दाखला एका घराला मिळत नाही, गावाला मिळतो. पन्हळी साफ, लाकडाच्या राशी भिंतीपासून दूर, बंबाला वाट मोकळी, आणि घराला लागून सूचीपर्णी झाड नको. एकही घर मागे राहिलं तर अख्खं गाव नापास.

"रानालगतच्या गल्लीचं कोण बघेल?" हायकंने विचारलं.

शुभाचा हात वर गेला. श्रीरंग तिच्याकडे बघतच राहिला.

सगळा हिवाळा दोघं त्या कामाला जुंपली. शुभा घरोघर जाऊन समजावायची आणि श्रीरंग शिडी घेऊन मागे. म्हाताऱ्या माणसांच्या पन्हळी त्याने स्वतः साफ केल्या, थुया नावाच्या सूचीपर्णी झुडपांची कुंपणं उपटली. लोक त्याला कॉफीला बसवून घेत, जुन्या गोष्टी सांगत. "अगं, इतकी वर्षं राहिलो, पण या घरांच्या आत कधी गेलो होतो का आपण?" तो एकदा हातावरचा चीक खरवडत म्हणाला. त्याच्या आवाजातलं नवं काहीतरी शुभाला ऐकू आलं, पण तिने ते ऐकलं नाही असं केलं.

शेवटी एकच घर राहिलं, त्यांच्या शेजारचं. तिथं हेर वीबं एकटे राहत. वय पंच्याऐंशीच्या घरात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या दाराला लागूनच छपराच्याही वर गेलेलं स्प्रूसचं सूचीपर्णी झाड होतं. हायकं दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा त्यांनी नम्रपणे दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी शुभा नारळाच्या वड्या घेऊन गेली. त्यांनी कॉफी केली, वडी खाल्ली, आणि ती तोंड उघडायच्या आत विचारलं, "फ्राउ कदम, तुम्हाला त्या दाखल्याची एवढी का घाई? गावासाठी?"

शुभाला गोल गोल काही सांगता आलं असतं. पण त्या निळ्या डोळ्यांसमोर तिला ते जमेना. "घर विकायचंय," ती म्हणाली. "मला माझ्या गावी परत जायचंय."

"काय आहे तिथं?"

"बहीण आहे. खालच्या मजल्यावरून हाक मारेल. माझं नाव नीट घेईल."

"आम्ही चुकीचं घेतो?"

"तुम्ही फ्राउ कदमच म्हणता."

ते हसले. मग बराच वेळ बशीतल्या वडीचा चुरा बोटाने गोळा करत राहिले. "मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "महायुद्धाचा शेवटचा हिवाळा. आई आम्हाला घेऊन पूर्वेकडून निघाली. गाडीवर गाद्या, गाद्यांवर आम्ही. आई म्हणाली, वसंतात परत येऊ. आमच्या फाटकाशी स्प्रूस होता. हे घर बांधलं तेव्हा सगळ्यात आधी मी तसंच रोप आणून लावलं. माझी बायको इल्झं म्हणायची, दाराच्या फार जवळ लावताय. मी म्हटलं, तिथंही जवळच होतं."

"परत कधी गेलात?"

"एकदा. बसने. घरात दुसरी माणसं होती, त्यांनी सूप दिलं. पण गाव आता दुसऱ्या देशात गेलेलं, त्याचं नावच बदललेलं. पाटीवरचं नाव मला वाचताही येईना." त्यांनी मान वर केली. "तुमच्या गावाचं नाव अजून तेच आहे?"

"हो. साताराच."

"मग जा," हेर वीबं म्हणाले. "हायकंला सांगा, झाड पाडा म्हणावं. बाकीच्यांना सांगा गावासाठी पाडलं. मी तुमच्यासाठी पाडतोय."

घरी येऊन ती कोट न काढता खुर्चीत बसून राहिली.

झाड पाडायला फॉयरवेअरची माणसं आली, तेव्हा हेर वीबं शुभाच्या स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसले होते. तिने आल्याचा चहा केला. करवतीचा आवाज चालू होता तोवर ते तिला साताऱ्याबद्दल विचारत राहिले, थंडी पडते का, नदी आहे का. मग आवाज थांबला आणि जमीन हादरली. "जा," ते म्हणाले, जर्मनमधल्या 'होय' या अर्थी, कुणालाच उद्देशून नाही. त्यांनी कप बशीत ठेवला. शुभाने त्यांच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वसंतात तपासणी झाली आणि दाखला मिळाला. गावाच्या वेशीवर हिरवी पाटी लागली, पोरांनी बँड वाजवला. विम्याचे हप्ते उतरले. माक्लरचा फोन आला की घराची किंमत आगीच्या आधीपेक्षाही वर गेलीय, रानालगत आणि वर सुरक्षित म्हणून. आधीचं जोडपंही पुन्हा आलं, या वेळी कडेवर मुलगी घेऊन. शुभाने घर त्यांनाच दिलं, जुन्याच किमतीला.

सह्या करायच्या आदल्या संध्याकाळी श्रीरंग मागच्या पायरीवर बसला होता. "शुभा," तो म्हणाला, "समजा, नाही गेलो तर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तिला हे ठाऊक नव्हतं की तो ऐकून आपल्यालाही थांबावंसं वाटेल. रस्त्यावरून जाताना हल्ली खिडक्यांतून हात वर व्हायचे. बेकरीतली बाई तिचा पाव न विचारता बांधायची. हे सगळं त्या एका हिवाळ्यात उगवलं होतं, जाण्यासाठी केलेल्या धडपडीत.

"अहो, आता कसं नाही जायचं?" ती म्हणाली. "त्या माणसाने झाड पाडलंय."

ती त्याच्या शेजारी बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोघं तिथून उठली नाहीत.

साताऱ्याचा फ्लॅट छान निघाला. कौमुदी जिन्यातून हाक मारायची आणि शुभा केस गुंडाळून उतरायची, अगदी मनात होतं तसंच. पहिले काही महिने ती रोज सकाळी सुखाने जागी व्हायची. ईश्वरी नाताळला आली, गॅलरीत उभी राहून सगळ्यांशी मोडक्या मराठीत बोलली. परत गेल्यावर तिने फोन केला तो एर्लेनबोस्टेलमधून. विमानतळावरून स्टुटगार्टला न जाता ती गाडी वळवून तिकडे गेली होती.

वसंत आला, आणि एका दुपारी हायकंचा फोन आला. दाखला टिकवायला दरवर्षी तपासणी करावी लागते. शुभाच्या घराच्या नव्या मालकाने गल्लीचं काम अंगावर घेतलं होतं, पण लोक त्याला अजून ओळखत नव्हते. हेर वीबं तर त्याला दारच उघडत नव्हते, म्हणत होते, फ्राउ कदम येईल तेव्हा बघू.

"त्यांना सांगितलं नाहीस, मी लांब आहे म्हणून?"

"सांगितलं," हायकं म्हणाली. "ते म्हणतात, जिला एका गावी परत जाता येतं, तिला दुसऱ्याही गावी येता येईल."

शुभा हसली आणि हसता हसता तिला पुढचं दिसेनासं झालं. फोन ठेवला तेव्हा कौमुदी दारात वाटी घेऊन उभी होती.

"कुणाचा गं?"

"गावाकडून," शुभा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच मागून कळलं. "तपासणी आहे त्यांची. पंधरा दिवस जाऊन येईन म्हणते."

"अगं, आत्ता तर आलीस!"

"हो ना," शुभा म्हणाली, आणि तिच्या हातातली वाटी घेतली.